एकाच टाकीतले दोन क्लाउन लोच

प्रश्न : टाकीत पाळायला दोन क्लाउन लोच मासे आणले. एकाचे पोटाखालचे पर पूर्ण केशरी, दुसऱ्याच्या परांवर काळे डाग. बुरशी तर नाही ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो! बुरशी पांढरी, कापसासारखी दिसते. दोन्ही मासे एकाच जातीचे, फक्त मुलूख वेगळा. पोटाखालचे पर नितळ तांबूस-केशरी असले तर मासा बहुधा सुमात्राकडचा; त्यांत काळं मिसळलेलं असलं तर बोर्निओचा. तीन काळ्या पट्ट्यांच्या जाडीवर मी फारसा विसंबत नाही, ती माशागणिक बदलते. मासा काचेला पोट लावून वर चढतो तेव्हा हे पर नीट दिसतात, तेवढ्यासाठी त्याला जाळीत धरू नका. डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो. आणि टाकी मोठी घ्या. हे मासे फूटभर वाढू शकतात, दुकानात कोणी सांगत नाही.