आधी टेप, मग सागवान

गणपती गेले की दिवाळीच्या आत घर उरकायची घाई सुरू होते. या वेळी आलेल्या पत्रांत निम्मे जिनेच निघाले, म्हणून आजची पानं लाकडी जिन्यांना.

प्रश्न: ताई, आमचं सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे. जिना सिमेंटचा, वर कडप्पा. त्यावर सागवानी फळ्या बसवायच्या आहेत. सुतार म्हणतात, आहे त्यावरच चिकटवू, चार दिवसांचं काम. बर्मा घ्यावं की आफ्रिकन? घरात सासूबाई आहेत, वय 74.
– एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर: लाकडाचं नंतर बघू. आधी सुतारांना एवढंच विचारा, की पहिल्या आणि शेवटच्या पायरीचं काय करणार?

समजा, आज तुमची प्रत्येक पायरी 7 इंच उंच आहे. सगळ्यांवर एक इंचाची फळी बसली, तर मधल्या पायऱ्या 7 इंचांच्याच राहतात, कारण खालची आणि वरची दोन्ही सारख्याच उचलल्या जातात. पण खालची जमीन उचलली जात नाही, म्हणून पहिली पायरी 8 इंचांची होते. वरच्या मजल्याची फरशीही जागची हलत नाही, म्हणून शेवटची 6 इंचांची. पायाला दोन-तीन पायऱ्यांत उंचीचा अंदाज बसतो आणि पुढे तो न बघता पडतो. सासूबाई रात्री पाणी प्यायला खाली उतरतील तेव्हा त्या बदललेल्या इंचावरच ठेचकाळतील. नवा जिना केल्यावर लोक पडतात ते बहुतेक इथेच, आणि नाव मात्र पॉलिशचं होतं.

उपाय सोपा आहे, फक्त धुळीचा. कडप्पा उखडा. दगड आणि खालचा मसाला मिळून दीड इंच तरी निघतो. लाकूड त्याच जागेत बसतं, सगळ्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहतात. दोन्ही मजल्यांवर नवी लादी टाकणार असाल आणि तिथेही बरोबर एक इंच चढणार असेल, तर कडप्पा राहू द्या. पण हे ‘बरोबर’ लादीवाल्याकडून आधी लिहून घ्या. पहिली पायरी दगडाचीच ठेवा. पोछ्याचं पाणी तिथेच साचतं आणि वाळवीही जमिनीलगतच शिरते.

आता लाकूड. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा कुणी ‘अस्सल बर्मा’ म्हणालं तर कागद मागा. आफ्रिकन सागवान या नावाखाली दोन निरनिराळी लाकडं विकली जातात. एक घानासारख्या देशांत लावलेला खरा साग, बहुधा कोवळ्या झाडांचा, पांढरा भाग जास्त असलेला. दुसरं इरोको, जे टिकाऊ असलं तरी साग नव्हेच. मी तुमच्या जागी असते तर नीट सुकवलेला सीपी, म्हणजे मध्य भारतातला साग घेतला असता. दहा-अकरा इंचांची अखंड फळी मागू नका, ती वाकते. दोन-तीन पट्ट्या जोडून केलेली पायरी सरळ राहते. ओलावा मोजायचं यंत्र लावायला सांगा, आकडा 12 टक्क्यांच्या आसपास हवा. माल घरात आणून दोन-तीन आठवडे तसाच पडू द्या. फळीच्या मागच्या कडेला, वरच्या पायरीच्या उभ्या भागाशी, दोन सूत फट सोडून वरून पट्टी मारा, कारण पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं. म्हणजे चार दिवसांत हे होणार नाही. दिवाळी जुन्या जिन्यावर करा.

प्रश्न: घोडबंदर रोडला वर-खाली दोन फ्लॅट घेतलेत. आतून जोडायचे आहेत. डिझायनरने भिंतीतून नुसत्या लाकडी पायऱ्या बाहेर आलेल्या, काचेचा कठडा, असा फोटो दाखवलाय. जमेल का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: फोटोत चढणारं माणूस दिसतं का? बहुधा नाहीच दिसणार.

सगळ्यात आधी स्लॅब. ती कापायची म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा, सोसायटीची परवानगी आणि ठाणे महापालिकेची मंजुरी. हे तिन्ही हातात येईपर्यंत लाकडाचं नाव काढू नका. मग भिंत बघा. मिवान पद्धतीच्या इमारतीत ती काँक्रीटची असते आणि इमारतीचं ओझं पेलत असते, त्यामुळे तिला भोकं पाडण्याआधी इंजिनिअरलाच विचारायचं. ती हलक्या एएसी ब्लॉकची असेल तर त्यात रोवलेली पायरी माणसाला पेलणारच नाही. आत लोखंडी चौकट उभी करावी लागते, तिच्यात जागा आणि पैसा दोन्ही जातात.

मला विचाराल तर मधोमध एकच जाड लोखंडी तुळई आणि तिच्यावर दीड इंचाच्या लाकडी पायऱ्या. हलकेपणा तोच येतो. मजल्याची उंची साडेनऊ फूट असेल, म्हणजे 2900 मिमी, तर 16 चढ काढा. प्रत्येक चढ 181 मिमी, पाऊल ठेवायला 255 मिमी. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्याला चढ जास्तीत जास्त 190 आणि पाऊल कमीत कमी 250 सांगितलंय, म्हणजे तुम्ही आत बसता. सरळ जिना मात्र साडेबारा फूट लांब होईल. हॉलमध्ये खडूने आखून बघा, सोफा कुठे जातो ते.

पायऱ्यांच्या मध्ये मोकळं ठेवणार असाल तर 181 मधून लाकडाचे 38 वजा करा. 143 मिमीची फट राहते. लहान मुलाचं डोकं जाऊ नये म्हणून ती 100 च्या आत हवी. प्रत्येक पायरीखाली मागच्या बाजूला 50 मिमीची पट्टी लावली की भागतं, शिवाय साडीचा काठ आणि पायाचा अंगठाही अडकत नाही. काच टफन्ड असून भागत नाही, लॅमिनेटेडही हवी. फुटली तरी जागेवर राहते.

प्रश्न: चरईतलं आजोबांचं घर रिडेव्हलपमेंटला गेलंय. सागवानी जिना नव्या घरात नेता येईल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अख्खा नको. तो अडीच फुटी आणि शिडीसारखा उभा असणार. पण फळ्या भंगारवाल्याला देऊ नका. हल्ली तसा घट्ट रेषांचा साग सहज मिळत नाही. खिळे एकेक करून काढून घ्या, नाहीतर रंदा मशीनचं पातं जातं आणि मिस्त्री बिल तुमच्यावर फाडतो. ठोकून बघा, पोकळ वाजली किंवा पिठूळ भुसा पडला तर ती फळी बाजूला. उरलेल्यांतून नव्या पायऱ्यांचे माथे निघतील, नाहीच पुरले तर कठड्याचा हात करा. आजोबांचा हात जिथून फिरायचा तोच भाग वापरा. तो कुठल्याही पॉलिशपेक्षा गुळगुळीत असतो.

प्रश्न: पॉलिश मेलामाइन की पीयू (पॉलियुरेथेन)?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: पीयू, आणि मॅट. मेलामाइन कपाटाला ठीक, पायाखाली त्याचे पापुद्रे निघतात. चकचकीत पीयूवर मोजे घालून उतरायचं धाडस मी करणार नाही. प्रत्येक पायरीच्या कडेपासून एक इंच आत दोन बारीक खाचा पाडून घ्या, त्या पॉलिशच्या आधी. नंतर पाडल्या तर खाचेत पाणी मुरतं.