फूटपाथवरचे आजोबा भर मे महिन्यात स्वेटर काढत नाहीत, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की समोरच्या फूटपाथवरचे आजोबा भर मे मध्ये स्वेटर घालून बसतात, तुम्ही रोज बाटली देता पण सावलीत यायला काही तयार होत नाहीत. मी नागपूरचा, इथे मे मध्ये ४५ डिग्री म्हणजे नेहमीचंच, आणि आम्ही चार-पाच जण दरवर्षी दुपारी स्कूटरवर पाणी घेऊन फिरतो, त्यावरून सांगतो.

स्वेटरवरून लोक लगेच म्हणतात वेडा आहे. पण बरेचदा कारण साधं असतं, काढून ठेवला की रात्रीतून चोरीला जातो, म्हणून असतील नसतील तेवढे कपडे अंगावर. जागा न सोडण्याचं कारणही तेच, गाठोडं. स्टेशनजवळच्या एका काकांनी मला उघडून दाखवलं होतं, एक चादर, पन्नीत गुंडाळलेली आधारची झेरॉक्स आणि दवाखान्याची जुनी चिठ्ठी, बस. पण ते गेलं की सगळंच गेलं ना. म्हणून "सावलीत चला" म्हणण्याआधी "गाठोडं मी उचलू का, तुमच्या नजरेसमोरच ठेवते" असं म्हणून बघा, आम्ही असं विचारायला लागल्यापासून माणसं उठायला लागली. तरी नाही उठले तर शेजारच्या दुकानदाराला विचारून तिथेच हिरवी नेट बांधा. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, असं कोणी असेल तर जास्त लक्ष ठेवा, पण गोळ्या बंद करा असं सांगू नका.

ओआरएसचं पाकीट नुसतं हातात देऊ नका प्लीज. ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं असतं, मोठं पाकीट एक लिटरमध्ये, त्यांच्याकडे माप कुठलं, अर्ध्या ग्लासात कालवून पितात आणि उलट त्रास होतो. घरून कालवून न्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी छान गार राहतं. आणि रात्री एक चक्कर माराच, सिमेंट दिवसभर तापलेलं असतं, मध्यरात्रीपर्यंत खालून वाफा येतात, झोपायच्या आधी तिथे बादलीभर पाणी मारलं तरी फरक पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं, कोणी बरळतोय, झोकांड्या खातोय, अंग चटके बसतील इतकं गरम आहे, तर दारू प्यायलाय समजून पुढे जाऊ नका. उष्माघात असू शकतो, आणि घाम येतोय म्हणजे तो नाही असंही नसतं. लगेच १०८ ला फोन, सावलीत आणा, जास्तीचे कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि पुठ्ठ्याने वारा घालत राहा, काखेत जांघेत ओली फडकी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात नाही, ठसका लागून जीव जाईल.

महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात न्यायचं असेल तर आधी स्वतः जाऊन बघून या, दुपारी उघडा असतो का, पंखा चालतो का, आणि गाठोडं ठेवायला जागा आहे का. ती नसेल तर आजोबा संध्याकाळी परत फूटपाथवर आलेले असतील.