दाउरियाचं गवताळ रान तीन देश मिळून कसं राखतात?

दाउरिया म्हणजे रशिया, मंगोलिया आणि चीन यांच्या सीमा भेटतात तिथला गवताळ प्रदेश. या तिन्ही देशांनी 1994 मध्ये करार करून तिन्हीकडची राखीव क्षेत्रं जोडली: दाउर्स्की, मंगोल दागुर आणि दलाई सरोवर. एकत्र पक्षीगणना आणि माहितीची देवाणघेवाण, इथपर्यंत काम चांगलं चालतं. खरी अडचण पाण्याची आहे.

इथलं हवामान साधारण 30 वर्षांच्या चक्रात ओलं-कोरडं होतं. कोरड्या काळात बारुन-तोरेई सरोवर पूर्ण आटतं, आणि ते नैसर्गिकच आहे. क्रौंच-हंस तेव्हा आसपासच्या नदीकाठांवर सरकतात. पण नेमक्या त्याच वेळी उल्झ नदीवर बांध घातला किंवा हायलार नदीचं पाणी कालव्याने वळवलं, तर पक्ष्यांचा शेवटचा आसराही जातो. (हायलार म्हणजेच खाली रशिया-चीन सीमेवरची अर्गुन.) म्हणून सरासरी प्रवाहावर वाटप ठरवणं मला घातक वाटतं, कोरड्या वर्षांसाठी किमान प्रवाह वेगळा ठरायला हवा.

कुंपणंही तितकीच महत्त्वाची. ट्रान्स-मंगोलियन रेल्वेची कुंपणं गॅझेलच्या (हरणासारख्या प्राण्यांच्या) कळपांची वाट अडवतात.

2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत रशिया-मंगोलियाचाच भाग आला. चीनमधलं दलाई बाहेर राहिलं. आपल्यालाही हे दूरचं नाही: मंगोलियाच्या गवताळ रानातले कांड्या करकोचे हिमालय ओलांडून हिवाळ्याला भारतात येतात.