सोन्याकडे नंतर बघ

जुन्या कुराणांची हस्तलिखितं अभ्यासायची म्हणतोस, तर सुरुवातीला सोन्याकडे बघूच नकोस. डोळा तिथेच अडकतो आणि अक्षर निसटतं.

आधी बोरू घे. टोक तिरकं कापून एक ठिपका दे. पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा उमटेल. तोच नुक्ता, तेच माप. अलिफ म्हणजे अरबीतलं पहिलं अक्षर, एक उभी रेघ; तिची उंची नुक्त्यांत मोजतात. ही प्रमाणबद्ध पद्धत दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला या सुलेखनकाराच्या नावावर आहे. महिनाभर फक्त नुक्ता आणि अलिफ गिरव. कंटाळा येईल, पण हात त्यातूनच बसतो.

मग इब्न अल-बव्वाब या सुलेखनकाराने लिहिलेलं कुराण बघ. बगदाद, हिजरी ३९१ (इ.स. १०००-०१), आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात. छोटंसं, कागदावरचं, नस्ख या गोलसर वळणाच्या अरबी लिपीत. मला आजही याच्याइतकं शांत पान दुसरं वाटत नाही.

समासातली वर्तुळं म्हणजे नुसती नक्षी समजू नकोस. बहुधा ती आयतींची, म्हणजे कुराणातल्या वचनांची, मोजणी सांगतात, काही सजद्याची, म्हणजे पठण थांबवून माथा टेकवण्याची, जागा. पठण करणाऱ्याच्या सोयीसाठीच ती तिथे आली.

एवढं झालं की ब्रिटिश लायब्ररीतलं इजिप्तच्या सुलतान दुसऱ्या बैबर्सचं सात खंडी कुराण उघड. कैरो, १३०४ ते १३०६. सगळा मजकूरच सोन्यात आहे. तेव्हा मात्र पोटभर सोनं बघ.