वारा ओसरला, मग पाऊस का थांबला नाही?

प्रश्न : सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ पूर्व किनाऱ्यावर धडकले. मराठवाड्यापर्यंत येताना त्याचा वारा जवळजवळ संपला होता. तरीही आमच्याकडे अतिवृष्टी झाली आणि मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. जोर ओसरलेल्या वादळातून एवढे पाणी कसे पडले? मुळात वादळात एवढा वारा आणि पाऊस तयार तरी कसा होतो?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : वारा आणि पाऊस या दोहोंचे मूळ एकच आहे, ते म्हणजे उबदार समुद्रावरून उठणारे बाष्प. मात्र पुढे दोघांचे नियम वेगळे होतात.

समुद्रपृष्ठाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले की हवेत भरपूर बाष्प मिसळते. ही हवा वर चढून थंड होते, बाष्पाचे पुन्हा पाणी होते आणि बाष्पीभवनाच्या वेळी शोषली गेलेली उष्णता बाहेर पडते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार टन पाणी, आणि तेवढ्या बाष्पाचे पाणी होताना सुमारे सात लाख युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. तिचा फार थोडा अंश वाऱ्याच्या वाट्याला येतो, पण तेवढाही पुरतो.

या उष्णतेने हवेचा स्तंभ हलका होऊन केंद्रातील दाब उतरतो आणि भोवतालची हवा आत खेचली जाते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात प्रत्येक प्रवाह आपल्या उजवीकडे वळतो व सगळे चक्र घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागते. दोरीला बांधलेला दगड फिरवताना दोरी आखडली की दगडाचा वेग वाढतो, तसेच येथे घडते : केंद्रापासून २०० किलोमीटरवर ताशी ४० किलोमीटरने फिरणारी हवा ५० किलोमीटरपर्यंत आत आली, तर घर्षण नसताना तिचा वेग चौपट, म्हणजे ताशी १६० किलोमीटर होईल. प्रत्यक्षात घर्षणाने तो कमी राहतो. सर्वांत प्रखर वारा वादळाच्या डोळ्यात नसून त्याला वेढणाऱ्या ढगांच्या भिंतीत असतो. डोळ्यात हवा तुलनेने शांत असते.

वादळाच्या पुढे सरकण्याचा वेगही उजव्या बाजूच्या वाऱ्यात मिळवला जातो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा उजवी बाजू श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे होती आणि तेथील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. डावीकडे राहिलेली मुंबई तुलनेने बचावली. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, हेही नुकसानीचा हिशेब करताना ध्यानात घ्यावे लागते.

आता आपला मुख्य प्रश्न. जमिनीवर येताच समुद्राचा बाष्पपुरवठा तुटतो, घर्षण वाढते आणि वारा काही तासांत मंदावतो. पण वादळासोबत आलेले बाष्प लगेच नाहीसे होत नाही, आणि चक्राकार अभिसरण क्षीण झाले तरी ती दमट हवा वर उचलण्यास पुरेसे असते. पाऊस किती पडेल हे वाऱ्याच्या वेगापेक्षा हवेतील बाष्पावर, आसपासच्या समुद्रावरून ते येत राहते की नाही यावर, वादळ किती सावकाश सरकते यावर आणि वाटेतील डोंगरांवर ठरते. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर फेब्रुवारी २००७ मध्ये ‘गामेड’ थेट धडकलेही नव्हते. तरी तेथील ज्वालामुखी डोंगरावर तीन दिवसांत ३,९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला.

‘गुलाब’ २६ सप्टेंबरला किनारा ओलांडून कमी दाबाचे क्षेत्र होत पश्चिमेकडे सरकले, तेव्हा मोसमी पाऊस अजून माघारी गेलेला नव्हता आणि त्या दमट प्रवाहांची साथ त्याला मिळत राहिली. हेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, ऊब मिळताच पुन्हा चक्रीवादळ झाले आणि ‘शाहीन’ या नावाने ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळले.

वादळांची ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ ही वर्गवारी केवळ वाऱ्याच्या वेगावरून केली जाते. मच्छीमार व बंदरांना तीच माहिती आधी हवी असते, हे मान्य. मात्र किनाऱ्यापासून दूरच्या जिल्ह्यांनी हवामान विभागाचा पावसाचा वेगळा इशारा पाहावा. त्यात २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसासाठी सर्वांत वरची श्रेणी आहे, आणि वादळाचा दर्जा खाली आला म्हणून ती आपोआप खाली येत नाही.