चार्जर लावला की त्याचाच दिवा विझतो!

प्रश्न : भाऊ, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. मागच्या आठवड्यात रात्री जोराचा पाऊस झाला, विजा कडाडत होत्या, लाइट सारखी येत-जात होती. सकाळी पाहिलं तर लॅपटॉप सुरूच होऊन नाही राहिला. बटन दाबलं तर ना दिवा, ना पंख्याचा आवाज. एक गोष्ट मात्र लक्षात आली. चार्जर बोर्डात लावला की त्याच्यावरचा हिरवा दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपात घातली की तो विझतो. तालुक्याच्या दुकानात नेला तर त्यांनी उघडून न पाहताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, बारा हजार लागतील. गावातल्या लोकांच्या आधारच्या प्रती, सातबारे, पीक विम्याच्या पावत्या, सगळं त्यातच आहे आणि विम्याची मुदतही जवळ आली. बारा हजार टाकू की नवाच घेऊ?
– एक वाचक भगिनी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सध्या दोन्ही नको. तुम्ही चार्जरच्या दिव्याचं जे लिहिलं, ते फार कामाचं आहे. उघडून न पाहता मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्यापेक्षा तुमचं निरीक्षण जास्त सांगून जातं.

चार्जरच्या आत सुरक्षेचं सर्किट असतं. समोरून प्रमाणाबाहेर करंट ओढला गेला की ते चार्जरला बंद करतं, म्हणून दिवा विझतो. याचा अर्थ बहुतेक वेळा असा की करंट तुमच्या लॅपटॉपच्या दारापर्यंत नीट येतो आणि आत शिरल्याबरोबर कुठेतरी प्लस आणि मायनस एकमेकांना चिकटलेले आहेत. यालाच आम्ही दुरुस्तीवाले शॉर्ट म्हणतो. काही वेळा चार्जरच इतका कमजोर झालेला असतो की साधा लोडही त्याला पेलत नाही, तेव्हाही दिवा असाच विझतो. दिवा जळत राहून लॅपटॉप गप्प असता, तर मी वेगळ्याच ठिकाणी शोधलं असतं.

ड्रिपच्या नळीला पाणी आलं नाही तर आपण लगेच विहिरीतली मोटर वर काढत नाही. कॉक पाहतो, फिल्टर पाहतो, मेन लाइन पाहत पुढे जातो. इथेही तसंच, भिंतीवरच्या बोर्डापासून एकेक टप्पा पुढे जायचं.

पहिला टप्पा चार्जर. तुमच्यासारखाच लॅपटॉप गावात कुणाकडे आहे का पाहा. शाळेत, ग्रामपंचायतीत, दुसऱ्या केंद्रात चौकशी करा. चार्जरच्या मागच्या चिठ्ठीवर ‘आउटपुट’समोर आकडे असतात, जसे १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर. व्होल्ट तुमच्या चार्जरइतकाच हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिन तशीच हवी. तो चार्जर लावल्यावर दिवा विझला नाही आणि लॅपटॉप जागा झाला, तर तुमचं काम नव्या चार्जरवर भागलं. मल्टिमीटर लावून ‘व्होल्ट बरोबर आहे’ म्हणून कुणी तुमचाच चार्जर पास केला तर त्यावर विसंबू नका. रिकाम्या चार्जरला मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि लोड आल्यावर तोच चार्जर बसतो. टाइप-सी पिन असेल तर मोबाइलच्या चार्जरने तपासू नका. लॅपटॉपला बहुतेक वेळा २० व्होल्टवर ४५ किंवा ६५ वॉट लागतात. मोबाइलचा चार्जर तेवढं देईलच असं नाही, आणि मग चांगला लॅपटॉपही बिघडल्यासारखा वाटतो.

दुसरा टप्पा, चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर पाहणं. हे तुम्ही केलं का, ते पत्रात नाही. आधी चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटन तीसेक सेकंद दाबून धरा. लॅपटॉप बंद असतानाही बटनावर नजर ठेवणारी एक चिप आत जागी असते. लाइटच्या ये-जा करण्याने ती कधी कधी अडकते, आणि असं केल्याने मोकळी होते. आता चार्जर न लावता बॅटरी बसवून सुरू करून पाहा. सुरू झाला तर मदरबोर्डाचा मोठा भाग शाबूत आहे आणि बिघाड चार्जिंगच्या तोंडाशी आहे. मग लॅपटॉपातल्या पिनच्या भोकात टॉर्च मारा. मधली बारीक सुई वाकलीय का, काळं पडलंय का, पाहा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये हा जॅक वेगळ्या वायरवर असतो, त्यासाठी मदरबोर्डाला हातही लावावा लागत नाही.

हे सगळं करून दिवा विझतच राहिला, तर शॉर्ट मदरबोर्डावर आहे असं धरा. पण म्हणून पूर्ण बोर्ड टाकून द्यायचा का? हे ठरवण्याआधी दुकानदाराला सरळ विचारा : चार्जरकडून येणाऱ्या १९ व्होल्टच्या लाइनवर शॉर्ट आहे का, आणि रेझिस्टन्स किती दाखवतो? ज्याने मोजलं, तो लगेच सांगेल. ज्याने मोजलंच नाही, त्याला मदरबोर्ड गेला हे कळलं कुठून?

माझ्या टेबलावर असा बोर्ड आला की बॅटरीचं कनेक्शन सोडवून मी त्या लाइनवर डीसी सप्लायमधून अगदी कमी, एक व्होल्टच्या आसपास करंट सोडतो. मग ब्रशने बोर्डावर आयसोप्रोपिल, म्हणजे ज्याला आम्ही स्पिरिट म्हणतो ते, पातळ पसरवतो. सगळा बोर्ड ओला चमकतो आणि एका ठिकाणचा ओलावा बघता बघता उडून जातो. तिथे तिळापेक्षाही लहान तपकिरी कॅपॅसिटर, म्हणजे थोडा करंट साठवून ठेवणारा भाग, असतो. शॉर्ट झालेला भाग करंट ओढून तापतो, म्हणून स्पिरिट तिथलं आधी उडतं. तो भाग काढला, मीटरवर शॉर्ट गेला, नवा बसवला की बोर्ड पुन्हा करंट घेतो. त्या कॅपॅसिटरची किंमत काही रुपयांतली असते. पैसे लागतात ते शोधण्याचे आणि हाताचे, आणि ते द्यायलाच हवेत. पण ते बारा हजार नसतात. कधी कधी मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा बारीक स्विच, उडालेला असतो, तोही बदलता येतो. प्रोसेसरपर्यंतच झळ पोचली असेल तर मात्र बोर्ड दुरुस्त करण्यात अर्थ राहत नाही, आणि तेव्हा त्या दुकानदाराचं म्हणणं खरं ठरेल. मोजून सांगितलं तर मीही मान्य करीन. यवतमाळ, अमरावती, नागपूरला चिप लेव्हल, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग बदलण्याचं, काम करणारे कारागीर आहेत. ‘बोर्ड बदलतो’ म्हणणारा नको, ‘बोर्ड दुरुस्त करतो’ म्हणणारा शोधा.

आता तुमच्या पत्रातली खरी काळजी, लोकांचे कागद. ताई, कागद मदरबोर्डात नसतात, हार्ड डिस्क किंवा एसएसडीत असतात, आणि बोर्ड शॉर्ट झाला तरी ती बहुधा सुखरूप असते. मागचं झाकण उघडून, आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवून, डिस्क बाहेर काढता येते. जुन्या चपट्या डिस्कसाठी यूएसबी केसिंग थोडक्या पैशांत मिळतं, पट्टीसारख्या एसएसडीचं जरा महाग असतं. केसिंगात घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावली की फाइली दिसतात. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच डाक देऊन (सोल्डर करून) जोडलेली असते, तिथे हा मार्ग चालत नाही. त्या लॅपटॉपला बोर्डच जिवंत करावा लागतो, बोर्ड बदलला तर फाइली गेल्या.

डिस्क लावल्यावर तिने ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागितली तर घाबरू नका. नव्या विंडोजमध्ये बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ४८ अंकी किल्ली, तुम्ही लॅपटॉप सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं होतं, त्यात बहुधा जपलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरा आणि उतरवून घ्या. अंदाजाने आकडे टाकत बसू नका.

आणि हे मी हात जोडून सांगतो : दुरुस्तीला लॅपटॉप देताना डिस्क काढून घरी ठेवा. करंटचा बिघाड शोधायला डिस्क लागत नाही. गावाने विश्वासाने तुमच्याकडे आधार दिलं, बँकेचं पासबुक दिलं, अंगठे दिले. त्या प्रती अनोळखी टेबलावर आठवडाभर पडून राहणं योग्य नाही. दुकानदार प्रामाणिक असला तरी नाही. विम्याची मुदत आहे तोवर दुसऱ्या संगणकावर तुमच्या लॉगिनने अर्ज भरा. भरलेले अर्ज पोर्टलवर असतात, लॅपटॉप बंद पडल्याने ते जात नाहीत.

पुढच्या पावसाळ्यासाठी थोडं. विजा चमकायला लागल्या की नुसतं बटन बंद करू नका, प्लग ओढून काढा, आणि इंटरनेटची तांब्याची केबल लॅपटॉपात असेल तर तीही काढा. कमी व्होल्टेजला चार्जर भीत नाही. तो १०० ते २४० व्होल्टमध्ये चालायलाच बनवलेला असतो, त्यामुळे संध्याकाळी बल्ब मिणमिणतो म्हणून लॅपटॉपला स्टॅबिलायझर लागत नाही. खरं भय न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तुटण्याचं. तेव्हा २३० च्या जागी घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. बल्ब एकदम भडक झाला, पंखा जोरात फिरायला लागला, शेजारच्या घरी मात्र लाइट मंद, असं दिसलं की सगळे प्लग काढा आणि लाइनमनला फोन करा. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते. मार्च लागला की त्या खड्ड्यात पाणी टाकत जा.

प्रश्न : काका, मी अकोट तालुक्यात राहतो, बीएस्सीला आहे. माझा लॅपटॉप सुरू होतो, दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. सीझनमध्ये आमच्या घरात कापूस भरून असतो, त्याने काही झालं असेल का?

उत्तर : बेटा, आधी कॅप्स लॉक दाबून बघ. दिवा तुझ्या दाबण्याने लागत-विझत असेल तर लॅपटॉप आतून चालू आहे, बिघाड स्क्रीनचा आहे. अंधारात स्क्रीनवर तिरपा टॉर्च मार. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेला. एचडीएमआयची वायर घरच्या टीव्हीला लावूनही खात्री होते.

कॅप्स लॉक दाद देत नसेल, किंवा आपोआपच ठरावीक पद्धतीने लुकलुकत असेल, तर रॅमवर, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीवर, संशय घे. त्या लुकलुकण्याचा आणि बीपचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून किती वेळा झालं ते मोजून लिहून ठेव. चार्जर काढ, मागचं झाकण उघडून बॅटरीचं कनेक्शन सोडव, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर सरकव, पट्टी वर उचलली जाईल. सोनेरी दातांना बोट लावू नको, स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलके पूस, भुगा झटक, तिरपी घालून खाली दाब. ‘कट’ असा आवाज यायला हवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघ. त्यानंतर पहिल्यांदा सुरू व्हायला मिनिटभर लागलं तर बटन दाबून बंद करू नको, थांब.

कापसाचं म्हणशील तर तंतू रॅमला फारसे त्रास देत नाहीत, पंख्याच्या तोंडाशी बसतात. जाळीमागे वाकळीच्या कापसासारखा थर जमतो, गरम हवा बाहेर पडत नाही आणि एप्रिल-मे महिन्यात लॅपटॉप मधेच बंद पडतो. ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेव. हवेने पंखा गरगर फिरू दिला की त्याचं बेअरिंग जातं.

प्रश्न : धारणी तालुक्यातल्या आमच्या शाळेचा लॅपटॉप उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटात होता. आता चार्जर लावला तरी सुरू होत नाही. – एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, चार्जर लावून तास-दोन तास तसाच ठेवा, मधे बटन दाबू नका. पूर्ण उतरलेली बॅटरी सुरुवातीला अगदी हळू करंट घेते. पण त्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर आलं असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जर अजिबात लावू नका. बॅटरी टोचू नका, दाबू नका, मुलांच्या हाती देऊ नका. कारागिराकडून काढून घ्या. बॅटरीशिवाय चालणारा लॅपटॉप असेल तर तो चार्जरवर तोवर वापरता येईल. सुरू झाल्यावर तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षाची दिसली तर आतला सीआर २०३२ चा ३ व्होल्टचा सेल बदलायचा झाला. पुढच्या सुट्टीत ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली असू द्या आणि कपाट पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत नको.