कूलर बंद करा, मग भाकर लपवा

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. आमचं गाव बोर अभयारण्याच्या काठावर आहे. मागच्या हिवाळ्यात बिबट्यानं आमच्या गल्लीतली दोन कुत्री नेली. तेव्हापासून दिवेलागणीला शेऱ्याला घरात घेतो. तीन वर्षांचा गावठी कुत्रा, दिवसभर वावरात हुंदडणारा. घरात त्याला करमत नाही. परवा गादी फाडून छपरीभर कापूस केला. घरचे म्हणतात, बांधून ठेव. माझं मन होत नाही. वासावरून शोधायचे खेळ असतात म्हणे. घरातल्या घरात काय करता येईल?
– एक वाचक, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : ताई, बांधू नका. वावरात शेऱ्या नुसता धावत नसतो. रात्री रानडुक्कर कोणत्या बांधावरून गेलं, शेजाऱ्याची बंडी कधी येऊन गेली, हे तो नाकानं हुडकत असतो. संध्याकाळी दार लागलं की त्याचं हे काम बंद पडतं. तेच काम त्याला घरात द्यायचं आहे.

मी कळंबकडे नोकरीला असताना आमच्या चिंगी कुत्रीचा पुढचा पाय मोडला. सहा आठवडे तिला उड्या मारू द्यायच्या नव्हत्या. प्लॅस्टर मी घातलं, पण तिला शांत ठेवलं ते सासूबाईंनी. ज्वारी निवडता निवडता त्यांनी तीन वाट्या पालथ्या घातल्या आणि एकीखाली भाकरीचा कुटका ठेवला. चिंगी लंगडत आली, तिन्ही वाट्यांवरून नाक फिरवलं आणि मधल्या वाटीपाशी येऊन जोरात फुसकारली. असं पंधरा मिनिटं चाललं, मग ती पाय ताणून झोपली. एवढी गाढ झोप त्या आठवड्यात तिला पहिल्यांदाच लागली होती.

तुम्हीही वाटीपासूनच सुरुवात करा. पहिले चार-पाच वेळा शेऱ्याच्या डोळ्यांदेखत कुटका झाका आणि ‘शोध’ म्हणा. शब्द एकच ठेवा, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. त्याला कळलं की कोणीतरी त्याला दाराआड धरावं आणि तुम्ही कुटका लपवावा. मग बाजेच्या पायाशी ठेवा, टोपल्याखाली ठेवा, खिडकीत त्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवा. वाटीची जागा बदलली तरी आधीच्या जागेचा वास सारवलेल्या जमिनीत मुरून राहतो, म्हणून तो रिकाम्या जागीही थबकेल. थबकू द्या.

इथं बहुतेकांची एक चूक होते. कुत्रं जरा अडलं की आपण बोट दाखवतो. कुत्र्याला माणसाचं बोट फार चांगलं कळतं, त्यामुळे ते हुंगणं सोडून तुमच्या हाताकडे बघत बसतं. हात मागे बांधा आणि थांबा. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 30 कोटींपर्यंत. शिवाय त्याच्या नाकपुडीला बाजूनं चीर असते. सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो आणि समोरचा वास उधळत नाही. इतकं सरस नाक असलेल्या जिवाला आपण दाखवायचं काय?

आता कूलरचं. उन्हाळ्यात आपल्याकडे तो दिवसभर चालू असतो. एकदा चिंगी पलंगाखालचा कुटका सोडून समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यातच घुटमळत राहिली. माझा समज झाला की तिला वास येत नाही. पण कूलरच्या वाऱ्यानं वास उडून त्या कोपऱ्यात साचला होता, आणि ती तो अगदी बरोबर हुंगत होती. म्हणून शिकवताना कूलर-पंखा बंद ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी मुद्दाम चालू करा. वाऱ्याला नाक लावून उलट्या दिशेनं तो कुटक्यापर्यंत कसा जातो, ते बघण्यासारखं असतं. भर दुपारी मात्र हा खेळ नको. धापा टाकणारं कुत्रं तोंडानं श्वास घेतं, त्याला हुंगता येत नाही. पहाट किंवा दिवेलागण बरी, आणि शेजारी पाण्याचा गंज भरलेला असू द्या.

वाटी जमली की जुन्या लुगड्याचा पट्टा घ्या, त्यात कुटके ठेवून गुंडाळी करा. शेऱ्या नाकानं ती उलगडेल. गादी फाडणाऱ्या कुत्र्याला हे फार आवडतं, फक्त तो चिंध्या गिळत नाही ना, याकडे लक्ष ठेवा. घरात लेकरू असेल तर त्याचा न धुतलेला सदरा शेऱ्याला हुंगायला द्या आणि लेकराला कपाटाआड लपवा. सापडलं की दोघांचाही आनंद बघा. माझ्या मते सगळ्यात चांगला खेळ हाच, कारण यात खाणं लागत नाही.

काही गोष्टी मात्र कडक सांगते. कोठ्यात, कुटारात, पऱ्हाटीच्या ढिगात काही लपवू नका. तिथं साप-विंचू असतात, आणि खेळात कुत्रं सगळ्यात आधी नाकच घालतं. खताचं किंवा औषध लावलेल्या बियाण्याचं पोतं खेळायला घेऊ नका, कितीही धुतलेलं असलं तरी. फवारणीची औषधं घरात असतील तर आधी ती उंचावर, कुलपात ठेवा. शोधायला शिकलेलं कुत्रं तीही शोधून काढतं. कापूर, डांबरगोळी, नीलगिरीचं तेल यांचे वास नकोत. खाण्यात कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट नको. सावजी रश्शातला तुकडा तर अजिबात नको. ज्वारीची भाकर किंवा उकडलेल्या अंड्याचा बोराएवढा तुकडा पुरे. तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करा.

प्रश्न : आमची राणी तेरा वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसतच नाही म्हणा ना. तिला असे खेळ जमतील का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : जमतील, दादा. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे-कान बंद असतात. दोन आठवड्यांच्या आसपास ते उघडतात, तोवर ते नाकावरच आईचं दूध शोधतं. म्हातारपणीही डोळ्यांपेक्षा नाक जास्त दिवस साथ देतं. राणीसाठी एकच खोली ठरवा, त्यातली बाज-पेटी हलवू नका. हातभर अंतरावर तीन-चार कुटके ओळीनं ठेवा, शेवटचा तिच्या अंथरुणाशी. पाच मिनिटं पुरेत. तिनं मान फिरवली की तिथंच थांबवा.

प्रश्न : दोन कुत्री आहेत. भाकर लपवली की भांडतात.
– एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : एक आत, एक बाहेर, दार लावून. बाहेरच्याची पाळी नंतर. सापडलेला तुकडा कोणाच्याही तोंडातून काढायला जाऊ नका, आणि लेकरांना त्या वेळी दूर उभं करा.